पोचा

उणे एकतीस. कॅनोरा गावाबाहेरची शेड.
हीटर दोनदा खोकतो, मग पेटतो.
ओरेस्ट हात काखेत धरून उभा.
डाव्या पंखाचं निम्मं बाकी आहे,
ईस्टरपर्यंत शेपटीही उरकू, म्हणतो.
मागच्या ईस्टरलाही म्हणाला होता.

नऊ वर्षं बांधतोय आम्ही हे विमान.
रंग द्या की, शेजारचा लायल म्हणतो.
त्याचं पिवळं आहे, दोन सुट्ट्यांत उरकलेलं.
रंगाचं वजन नऊ किलो, ओरेस्ट सांगतो,
नऊ किलो म्हणजे तंबू, किटली
आणि थोडीशी स्टेफा.
स्टेफा म्हणजे मी.
हा विनोद दर हिवाळ्यात एकदाच.

पॉलिश डब्यात बदामी, पत्र्यावर काळं.
काळं झालं नाही
तर नुसतं कुरवाळणं चाललंय समजायचं.
नखांत काळं, कानामागे काळं,
रविवारी फादर हात हातात घेऊन विचारतात,
काय, कोळशाची खाण काढलीत?

वर मैदा भुरभुरायचा. माझा,
सणाच्या पावासाठी राखलेला.
मैदा तेल पिऊन घेतो,
जुन्या बनियनच्या बोळ्याने पुसलं
की खालून वर येतात
छताच्या तुळया, शिडी, ट्यूबलाइट,
ओरेस्टच्या नाकाखालचा थेंब.

पंख मला आवडतात.
शेपटीकडे मी जात नाही.

तिथे उजव्या अंगाला, तिसऱ्या ओळीत,
सतराव्या रिव्हेटशेजारी पोचा आहे,
नखाएवढा, ओठासारखा वाकलेला.
विमानं बांधणारे त्याला हसू म्हणतात.

त्या दिवशी मी आत होते, पोटावर पडून,
रिव्हेटच्या मागे पोलादी ठोकळा धरून.
बाहेर तो, हातात हवेची बंदूक.
एक टकटक म्हणजे तयार,
दोन म्हणजे ठीक,
तीन म्हणजे पुन्हा.
पत्र्याआडून एवढंच बोलायचं असतं.
तो मात्र बोलला, पाना मागावा तसं सहज:
रोमानचा फोन होता.
मी सांगितलं, नको येऊस.

ठोकळा घसरला.

पुढे बराच वेळ मी काहीच वाजवलं नाही.
उरलेल्या भोकांतून उजेडाच्या काड्या
आत येत होत्या, माझ्या बाहीवर.
मी त्या मोजल्या. बावीस.

आज मशीन तिथवर आलं.
मी मागे, मैद्याचं भांडं घेऊन.
वाटलं होतं, इतक्या घासण्याने जाईल.
रंगाखाली लांबी भरता येते,
उघड्या पत्र्याला ती सोय नाही.
घासावं तसा पोचा उजळत गेला,
सबंध शेडचा उजेड
तिथे येऊन वाकडा व्हायला लागला.

तो दाबून घासू लागला. आणखी दाबून.
पुरे, मी म्हटलं.
वरचा शुद्ध थर केसाएवढाही नाही,
तूच सांगितलंस.
त्याखालचा धातू ताकदीचा खरा,
पण हवेला उघडा पडला की खात सुटतो स्वतःला.

मशीन थांबलं. कान तसेच गुणगुणत राहिले.
त्याने काळा अंगठा पोच्यावरून फिरवला.
बोटाचा ठसा महिन्याभरात पत्र्यात उतरतो,
हेही त्यानेच शिकवलेलं.
पुसला नाही.

मग बोट मुडपून पेराने वाजवलं,
एक.
दोन.
मी भांडं छातीशी धरून उभी.

तेवढ्यात लायलने बर्फ ओढायला ट्रॅक्टर सुरू केला,
त्या आवाजात तिसरी झाली की नाही
मला सांगता येणार नाही.